मातीत चालणाऱ्या टू-स्ट्रोकचं कॉम्प्रेशन घरी कसं तपासायचं

गाडी चढावर दम सोडते. किक पूर्वीपेक्षा हलकी लागते, सकाळी चोक देऊनही पाच-सहा किका मारल्याशिवाय इंजिन बोलत नाही. ही तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेलात की बरेच मिस्त्री हाताने किक दाबून बघतात आणि तिथल्या तिथे निकाल देतात: "कॉम्प्रेशन गेलंय, बोअर करावं लागेल." म्हणजे पिस्टन वर येताना सिलेंडरमध्ये तयार होणारा दाब उतरलाय, सिलेंडर आतून घासून मोठा करून नवा पिस्टन टाकावा लागेल. पुष्कळदा हा निकाल बरोबरही असतो. तरी पिस्टन, रिंगा आणि बोअरचा खर्च मान्य करण्याआधी गेज लावून बघायला अर्धा तास पुरतो, आणि हे काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये, शेजाऱ्यांची झोप न मोडता करता येतं.

इथे डोळ्यासमोर आहेत त्या ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात डर्टसाठी केलेल्या लहान गाड्या: आरएक्स १००, आरएक्स १३५, शोगन, सामुराई. नॉबी टायर, वर उचललेला सायलेन्सर, काढून टाकलेले इंडिकेटर. बाहेरून आणलेली ८५ किंवा १२५ सीसीची मोटोक्रॉस असेल तर पद्धत हीच, आकडे मात्र तिच्या मॅन्युअलमधले घ्या.

आकडा नक्की कशाचा असतो

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. फोर-स्ट्रोकवाला मित्र सांगतो, माझ्या गाडीला १७० पीएसआय (दाबाचं माप) येतात, आणि आपण आपल्या ११५ कडे बघून हताश होतो. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन खालून वर निघाला की लगेच दाब चढत नाही. सिलेंडरच्या भिंतीतला एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे जळालेला वायू बाहेर जायचं भोक, उघडाच असतो. पिस्टन तो झाकेपर्यंत बरीचशी चाल फुकट जाते आणि खरं दाबणं सुरू होतं ते त्यानंतर. जपानी कंपन्या टू-स्ट्रोकचा कॉम्प्रेशन रेशो मोजतात तोही एक्झॉस्ट पोर्ट बंद झाल्यापासूनच. म्हणून आरएक्स १०० च्या कागदावर ६.७:१ असा दिसायला किरकोळ आकडा आहे. ५० मिलिमीटर बोअर, ५० मिलिमीटर स्ट्रोक, ९८ सीसी. त्यातून कंपनी ११ हॉर्सपॉवर काढत होती, म्हणजे रेशो किरकोळ असून काही अडलं नव्हतं.

यातूनच पुढची गोष्ट येते, जी जुनी आरएक्स विकत घेणाऱ्याने पाठच करून ठेवावी. कुणी पोर्टिंग केलं असेल, म्हणजे एक्झॉस्ट पोर्ट वर घासून घेतला असेल, तर पोर्ट उशिरा बंद होतो आणि रिंगा कोऱ्या करकरीत असूनही गेजवर आकडा कमी येतो. उलट हेड, म्हणजे सिलेंडरचं वरचं झाकण, लेथवर घासून उतरवून घेतलं असेल तर झिजलेल्या बोअरवरही आकडा छान दिसतो. आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. तेव्हापासून चार हातांतून फिरलेल्या इंजिनात कुणी काय केलंय हे आरसी बुकात लिहिलेलं नसतं.

तेव्हा नेटवर वाचलेला एखादा आकडा प्रमाण धरून बसू नका. इंजिन चांगलं चालत असताना, आपल्याच गेजवर, आपणच घेतलेला आकडा हीच आपली मोजपट्टी. गाडी ठणठणीत असतानाच एकदा तपासून लिहून ठेवा. हे जवळपास कुणी करत नाही. सगळे गाडी बिघडल्यावरच गेज शोधायला निघतात.

गेज घेताना

मशीद बंदरच्या नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांच्या दुकानांत कॉम्प्रेशन गेज मिळतात, ऑनलाइनही मिळतात. दोन जाती असतात. एकाला रबराचा निमुळता कोन असतो, तो प्लगच्या भोकावर हाताने दाबून धरायचा. तो घेऊ नका. एकट्याने गेज दाबून धरायचा, थ्रॉटल पिळायचा आणि किकही मारायची, हे जमत नाही, आणि हवा निसटली की आकडा खोटा. दुसऱ्याला आट्यांचा अडॅप्टर असतो, तो प्लगसारखा पिळून बसतो. हाच घ्या.

घेताना होजच्या टोकाकडे नीट बघा. इंजिनात बसणाऱ्या टोकातच, आट्यांच्या अगदी जवळ, टायरच्या वाल्वसारखी पिन दिसली पाहिजे. काही स्वस्त गेजमध्ये ती वर, डायलजवळ असते. मोठ्या कारच्या इंजिनाला त्याने फारसा फरक पडत नाही, आपल्याला पडतो. १०० सीसीच्या इंजिनात पिस्टन वर असताना प्लगखालची पोकळी साधारण १० सीसी असते. होजचं आतलं भोक ४ मिलिमीटर आणि लांबी ३० सेंटिमीटर धरली, तर होजमध्येच जवळपास पावणेचार सीसी हवा मावते. पोकळी एकदम तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढली, आणि पिनच्या अलीकडचा होज हा त्या पोकळीचाच भाग झाला. निरोगी इंजिनही अशा गेजवर आजारी दिसतं.

तीच पिन खराब झाली तर पंक्चरवाल्याकडची टायरची पिन बसवायचा मोह होतो. दिसायला ती सारखीच असते, पण तिची स्प्रिंग कडक असते, आणि ती ढकलण्यात दाब खर्च होऊन आकडा कमी येतो. गेजसाठीची मऊ स्प्रिंगची पिन वेगळी मिळते, तीच बसवा.

आटे बहुतेक १४ मिलिमीटरचे, १.२५ पिचचे. लांबी मात्र तपासा. छोट्या प्लगची १२.७ आणि लांब प्लगची १९ मिलिमीटर असते. आपला प्लग काढून अडॅप्टरशेजारी धरला की कळतं. छोट्या हेडमध्ये लांब अडॅप्टर घातला तर तो पिस्टनच्या डोक्यावर आपटू शकतो. हवा तसा अडॅप्टर मिळाला नाही तर वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळे-महापे एमआयडीसीत लेथवाला टर्नर काढून देतो. सोबत नमुन्याला प्लग घेऊन जा.

डायलवर पीएसआय आणि किलो दोन्ही असतात. जुने मिस्त्री किलोत बोलतात: १ किलो म्हणजे १४.२ पीएसआय, म्हणजे त्यांचे "साडेआठ किलो" हे आपले १२० च्या आसपास.

तयारी

गाडी आधी दहा मिनिटं चालवून आणा. थंड इंजिनात तेलाचा थर आणि पिस्टनमधली फट वेगळी असते, आकडाही वेगळा येतो. गाडी चालूच होत नसेल तर थंडच तपासा, पण तसं लिहून ठेवा. परत आल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करा आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. थ्रॉटल पूर्ण उघडून किका मारताना पेट्रोल आत ओढलं गेलं तर बोअरच्या भिंतीवरचं तेल धुऊन निघतं आणि रिंगांचा आडोसा जातो.

मग थोडं थांबा. हेड ॲल्युमिनियमचं आहे. तापलेल्या हेडमधून प्लग जबरदस्तीने काढला तर आटेच सोबत येतात. हात लावता येईल इतपत निवलं की पुरे.

प्लग सैल करायच्या आधी त्याच्याभोवतीची जागा साफ करा. ऑफ-रोड गाडीत हे टाळायचंच नाही. मुरबाड-शहापूरकडून आलेल्या गाडीच्या फिनांत आणि प्लगच्या बुडाशी मुरुमाची बारीक पूड साचलेली असते. प्लग काढला की ती सरळ सिलेंडरमध्ये, आणि पुढच्या किकेला रिंग आणि बोअरच्या मध्ये. जुन्या टूथब्रशने घासा, सायकलच्या पंपाने हवा मारा, प्लग दोन आटे सैल करून पुन्हा हवा मारा, मग काढा. वॉशिंग सेंटरमधून नुकतीच आणली असेल तर तिथे पाणीही साचलेलं असतं.

काढलेला प्लग टोपीत परत घाला आणि त्याचा धातूचा भाग फिनांना टेकवून ठेवा, भोकापासून लांब. चावी बंद असली तरी हे करा, कारण डर्टसाठी केलेल्या कितीतरी गाड्यांत वायरिंग कापून चावीच बायपास केलेली असते. सीडीआयची (ठिणगी देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक युनिटची) वायर मोकळी लोंबकळत ठेवून किका मारल्या तर कॉइलला धोका, आणि भोकातून येणाऱ्या पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी पडली तर आपल्याला.

आता गेज हाताने पिळून बसवा. पाना लावायची गरज पडू नये. टोकाचं रबरी वॉशर नीट बसलं की हवा अडते.

किका

गाडी न्यूट्रलमध्ये, चोक बंद. साइड स्टँडवर तिरकी ठेवून मारू नका; बॉक्स स्टँडवर किंवा मित्राच्या हातात सरळ उभी धरा. पायात बूट हवेत.

थ्रॉटल पूर्ण उघडा आणि शेवटपर्यंत उघडाच धरा. हा नियम सर्वांत जास्त मोडला जातो. थ्रॉटल बंद असला की कार्ब्युरेटरमधली हवेची वाट झाकणारी स्लाइड खाली असते, इंजिनाला हवाच मिळत नाही, मग दाबणार काय? एअर फिल्टर चिखलाने बुजलेला असेल तर तोही काढा. ऑटोल्यूब (टू-टी ऑईल आपोआप सोडणारा पंप) चालू असलेल्या गाडीत थ्रॉटलबरोबर ऑईल पंपाची केबलही ओढली जाते, त्यामुळे नंतर पहिल्यांदा चालू केल्यावर थोडा जास्त धूर निघेल. त्याची काळजी नको.

लांब, पूर्ण, एकसारख्या किका मारा आणि काट्याकडे बघत राहा. पहिल्या किकेला काटा कुठवर गेला ते मित्राला मोठ्याने सांगायला लावा. काटा पुढे सरकायचा थांबेपर्यंत मारत राहा. पाच ते आठ किकांत थांबतो. आकडा लिहा, गेजचं बटण दाबून हवा सोडा, पुन्हा तेच. तीन वेळा घेतलेले आकडे पाचेक पीएसआयच्या आत आले तर काम नीट झालं. फार विखुरले तर गेज सैल आहे किंवा किका अर्धवट पडताहेत.

काटा कसा वाचायचा

शेवटच्या आकड्याइतकाच, किंबहुना जास्त, काट्याचा प्रवास बोलका असतो. चांगल्या रिंगा असलेल्या इंजिनात पहिल्याच किकेला काटा निम्म्याच्या बराच पुढे उडी घेतो आणि पुढच्या दोन-तीन किकांत टोक गाठतो. झिजलेल्या रिंगांत तो रांगत रांगत चढतो: ३५, ५५, ७०, ८०. दोन्ही इंजिनांचा शेवटचा आकडा कदाचित १०५ आणि ११५ असा जवळजवळ येईल, पण गाडी चालू करताना आपल्याला पहिलीच किक कामाची असते.

दोन किकांच्या मधल्या वेळात काटा खाली घसरत असेल तर इंजिनाला दोष देऊ नका. हवा गेजच्या पिनमागे अडकलेली असते, ती गळतेय म्हणजे पिन गळतेय. आणि काटा वर स्थिर राहिला म्हणून "रिंगा टाइट आहेत" असंही समजू नका. तोही पिनेचाच गुण.

मूळ स्थितीतल्या, पोर्टिंग न केलेल्या लहान एअर-कूल्ड टू-स्ट्रोकसाठी ढोबळ अंदाज द्यायचाच झाला तर १२० ते १४० मध्ये समाधान माना. १०० च्या आसपास आलं की चालेल, पण नजर ठेवा. ९० च्या खाली सकाळच्या किका वाढतातच. आपल्या जुन्या नोंदीपेक्षा १० टक्के उतरलं तर पुढची राइड झाल्यावर पुन्हा तपासा. २० टक्के उतरलं तर इंजिन उघडायची तयारी करा. आरडी ३५० सारखं जोड सिलेंडर असेल तर दोन्हींतला फरक १० टक्क्यांच्या आत हवा. तिथे एकूण आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा.

ठाणं समुद्रसपाटीला चिकटून आहे. लोणावळ्याला, सुमारे ६२० मीटरवर, हवेचा दाबच सातेक टक्के कमी असतो, त्यामुळे इथे १२५ दाखवणारं इंजिन तिथे ११६ च्या आसपास दाखवेल. घाटावर तपासलेला आकडा घरच्या नोंदीशी थेट ताडू नका.

मूळ इंजिनात १६० च्या वर आकडा आला तर खूश व्हायचं कारण नाही. हेडमध्ये काजळीचा जाड थर बसलाय, किंवा कुणीतरी हेड उतरवलंय. चढावर थ्रॉटल दिल्यावर टकटक येत असेल तर आधी काजळी काढा.

आकडा कमी आला, आता?

तेल घालून तपासणं ही पहिली परीक्षा. प्लगच्या भोकातून टू-टी ऑईल सोडायचं, दोन-चार किका हळू मारून ते भिंतीला पसरवायचं आणि पुन्हा गेज लावायचं. आकडा चांगला वाढला तर गळती रिंगांतून. मात्र कारसाठी सांगितलेलं "एक चमचा तेल" हे माप इथे चालत नाही. चमचाभर म्हणजे ५ सीसी, आणि आपली पोकळीच १० सीसीची! तेलाने निम्मी जागा व्यापली की रिंगा कशाही असोत, आकडा उडणारच. सिरिंजने एक, फार तर दीड सीसी सोडा. सेकंडहँड गाडी बघायला गेल्यावर मालक आधीच गेज लावून दाखवायला उत्सुक असेल तर गाडी दहा मिनिटं चालवून मगच तपासायचा आग्रह धरा. तेल पाजलेलं इंजिन मोठा निळा धूर सोडून सगळं सांगून टाकतं.

तेलाने आकडा हललाच नाही तर हवा वरून जातेय. या टू-स्ट्रोकच्या हेडमध्ये फोर-स्ट्रोकसारखे वाल्व नाहीत, त्यामुळे संशयित थोडेच: हेड गॅस्केट, प्लगचे आटे, हेडला तडा, पिस्टनला भोक. हेड आणि सिलेंडरच्या सांध्यावर साबणाचं पाणी लावा आणि किक मारा. बुडबुडे आले की जागा सापडली. हेडचे नट तिरपे-समोरासमोर, टॉर्क रेंचने कसून पुन्हा बघा. कधी कधी तेवढ्यावरच भागतं.

रिंगांवर संशय असेल तर हेड उघडायच्या आधी टू-स्ट्रोकची एक सोय वापरा: सायलेन्सर काढा आणि एक्झॉस्ट पोर्टमधून मोबाइलच्या उजेडात आत बघा. किक हाताने हळूहळू दाबत पिस्टन वरखाली करा. रिंगांच्या खाली पिस्टनची भिंत चकचकीत रुपेरी दिसली तर रिंगा हवा अडवताहेत. रिंगेच्या खालीही तपकिरी-काळा डाग उतरलेला असेल तर जळालेला वायू तिथून निसटतोय. उभे ओरखडे दिसले तर इंजिन कधीतरी पकडलं होतं, म्हणजे पिस्टन सिलेंडरमध्ये घट्ट अडकला होता. रिंग पोर्टसमोर आणून लाकडी काडीने, हलक्या हाताने दाबा. ती किंचित आत जाऊन परत यायला हवी. दगडासारखी घट्ट असेल तर ती खाचेत काजळीने अडकलीय, आणि मग नव्या बोअरची गरज नसेलही. पिस्टन काढून खाच साफ करून नवी रिंग टाकून चालू शकतं.

पावसाळ्यात जून ते सप्टेंबर ताडपत्रीखाली पडून राहिलेल्या गाडीला ही तपासणी लगेच लावू नका. इथल्या दमट हवेत बीडाच्या सिलेंडरवर बारीक गंज धरतो आणि रिंगा कोरड्या पडतात. आदल्या रात्री थोडं टू-टी ऑईल सोडून ठेवा, सकाळी गाडी चालू करून एक चक्कर मारा, मग मोजा.

आकडा उत्तम, तरी गाडी नीट चालत नाही

गेज फक्त पिस्टनच्या वरची बाजू दाखवतो. टू-स्ट्रोकला खालची बाजू, म्हणजे क्रँककेस, तितकीच हवाबंद लागते, कारण पेट्रोल-हवा आधी तिथेच येते. मॅग्नेट बाजूचं ऑईल सील गेलं की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, आयडलिंग आपोआप वाढतं आणि एक दिवस पिस्टन सीझ होतो, म्हणजे पकडतो. क्लच बाजूचं गेलं की गिअर ऑईल ओढलं जातं: पांढरट दाट धूर, आणि गिअर ऑईलची पातळी दर महिन्याला खाली. दोन्ही वेळा कॉम्प्रेशन गेजवर १३० दिसू शकतात.

यासाठी महागडं उपकरण लागत नाही. डायलचं जुनं बीपी मशीन चालतं. त्याचा डायल ३०० मिलिमीटरपर्यंत असतो, आणि ३०० मिलिमीटर पारा म्हणजे ५.८ पीएसआय, क्रँककेस तपासायला लागतो तेवढाच दाब. पट्टा काढून टाका, फुगा आणि डायल ठेवा. जुन्या प्लगचं चिनी मातीचं पोट फोडून काढा आणि उरलेल्या धातूच्या कवचात नळी पक्की बसवा. कार्ब्युरेटर आणि सायलेन्सर काढून दोन्ही तोंडं जुन्या ट्यूबच्या रबराने, क्लॅम्प आणि बोल्ट आवळून बंद करा. पिस्टन अगदी खाली आणा म्हणजे पोर्ट उघडे राहतात आणि वर-खाली सगळं इंजिन एकाच दाबात येतं. ३०० पर्यंत फुगवा, त्यापुढे नको. सील बाहेर ढकलली जातील.

मग थांबा. काटा मिनिटाला ५० मिलिमीटरहून जास्त पडत असेल तर साबणाचं पाणी घ्या आणि आधी आपणच बंद केलेली तोंडं तपासा, कारण निम्म्या वेळा गळती तिथेच असते. नंतर सिलेंडरचं बूड, रीड वाल्वचा (कार्ब्युरेटरकडून मिश्रण एकाच दिशेने आत सोडणाऱ्या पट्टीचा) सांधा, आणि कव्हर काढून मॅग्नेटमागचं सील. क्लच बाजूसाठी गिअर ऑईलचं झाकण उघडून त्या भोकावर साबणाचा पडदा धरा. तो फुगला की त्या बाजूचं सील बदला. दोन सील आणि एक गॅस्केट बोअरच्या मानाने अगदीच स्वस्त पडतात.

बोअर करायचंच ठरलं तर

सिलेंडर पिस्टनच्या आधी देऊ नका. ओव्हरसाइज पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० मिलिमीटर अशा मापांत येतात. आधी हवा तो पिस्टन हातात घ्या आणि बोअर करणाऱ्याला त्याच पिस्टनच्या मापाने, पिस्टनवाल्याने दिलेल्या फटीइतकं करायला सांगा. पोर्टच्या कडा घासून गोल केल्यात ना हे घेतानाच बोट फिरवून बघा. धारदार कडेत नवी रिंग अडकते. रिंग बोअरमध्ये सरळ सरकवून टोकांमधली फट फीलर गेजने मोजा. ५० मिलिमीटरच्या बोअरला ०.२ मिलिमीटरच्या आसपास ठीक. बसवताना रिंगेची टोकं खाचेतल्या पिनेवर आली पाहिजेत आणि शिक्का वरच्या बाजूला.

जोडल्यावर लगेच घेतलेला आकडा मनाला लावून घेऊ नका. रिंगा अजून भिंतीशी बसलेल्या नसतात. चार-पाचशे किलोमीटर सांभाळून चालवल्यावर, गरम इंजिनावर, त्याच गेजने पुन्हा मोजा. तारीख, किलोमीटर, पिस्टनचं माप, पहिल्या किकेचा आणि शेवटचा आकडा, सगळं एका कागदावर लिहून सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.